'पिक अप'चे अनेक अर्थ आणि आपले 'उचलणे'

आपल्या मंडळात दर रविवारी सकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो. वर्गात शाळेतली मुले आहेत, नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणारे तरुण आहेत आणि वर्षातले चार-सहा महिने परदेशी मुलांकडे जाऊन राहणाऱ्या दोन-तीन आज्याही आहेत. मध्यंतरी वर्ग सुटल्यावर मुलाला घ्यायला आलेल्या एका तरुण आईला मी विचारले, "शेजारच्या खोलीत मराठीचाही वर्ग असतो. त्यात नाही का बसवत याला?" ती म्हणाली, "नको काकू, आधीच त्याच्या मागे खूप क्लास आहेत. आणि मराठी काय, घरचीच भाषा. ती तो आपोआप पिक अप करेल."

मुलगा सात-आठ वर्षांचा. आमचे बोलणे त्याला सगळे समजत होते. मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मात्र तो हिंदीत देत होता.

घरी येताना तिचा तो 'पिक अप' डोक्यात घोळत राहिला. पुढच्या रविवारी धडा बाजूला ठेवून मी फळ्यावर एवढेच दोन शब्द लिहिले आणि वर्गाला अर्थ विचारले. तासाभरात फळा भरला. त्या तासाला जे बोलणे झाले त्यात थोडी भर घालून हा लेख लिहिला आहे. इंग्रजी शिकणाऱ्यांना त्याचा उपयोग होईलच, पण त्या आईच्या वाक्याचे उत्तरही मला यातच सापडले. ते शेवटी सांगते.

'अप' काय करतो?

इंग्रजीत गिव्ह, टेक, पुट, गेट, पिक अशी साधी क्रियापदे आहेत. त्यांच्यापुढे अप, ऑफ, आउट, डाउन असा एखादा लहानसा शब्द येऊन बसतो आणि दोघांचा मिळून तिसराच अर्थ होतो. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर, पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, हार मानणे. अशा जोडीला इंग्रजी व्याकरणात 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. नाव तसे अलीकडचे आहे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे ते रुळले. दुखणे मात्र जुने आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी नोंदवले होते की, क्रियापदांपुढे लागणाऱ्या या लहान शब्दांमुळे परक्या माणसांची फार अडचण होते.

आपली अडचण मात्र जॉन्सनना वाटली तेवढी मोठी नाही, कारण असाच प्रकार मराठीतही आहे. 'खाऊन टाक' म्हटल्यावर कोणी खाऊन मग काही फेकत नाही. 'सांगून टाक', 'देऊन टाक', 'लिहून काढ', 'बोलून बस', 'घाबरून जा' या सगळ्यांत दुसऱ्या क्रियापदाने स्वतःचा मूळ अर्थ सोडला आहे आणि पहिल्याला एक वळण दिले आहे. 'टाकणे' काम संपवते, 'बसणे' नको ते झाल्याची हळहळ आणते. इंग्रजीतला 'अप' पुष्कळदा आपल्या 'टाकणे'चेच काम करतो. 'ईट' म्हणजे खा आणि 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, ताटात ठेवू नकोस. 'ड्रिंक अप', 'यूज अप', 'फिनिश अप' हे सगळे याच जातीचे. फरक एवढाच की आपण दुसरे क्रियापद जोडतो आणि इंग्रज दिशा दाखवणारा शब्द जोडतात.

'पिक अप'मधला 'अप' मात्र मुळात खरोखरच 'वर' आहे. म्हणून हे क्रियापद शिकायला सोपे आहे. मूळ चित्र डोळ्यांपुढे ठेवले की पुढचे बहुतेक अर्थ त्यातूनच फुटलेले दिसतात.

मोगरा आणि प्राजक्त

आधी नुसता 'पिक' आणि 'पिक अप' यांतला फरक पाहू. वर्गात हा फरक समजावताना मला अंगणातली दोन झाडे उपयोगी पडली. मोगऱ्याची फुले आपण झाडावरून तोडतो, हे इंग्रजीत 'पिक'. प्राजक्ताचा सडा सकाळी जमिनीवर पडलेला असतो आणि आपण वाकून एकेक फूल परडीत घेतो, हे 'पिक अप'. नुसत्या 'पिक'मध्ये तोडणे, वेचणे, निवडणे येते. कापूस वेचतात, दहा साड्यांतून एक निवडतात, संघात खेळाडू निवडतात. 'पिक अप'मध्ये वस्तू आधीच कुठेतरी पडलेली आहे आणि आपण ती उचलतो.

'पिक अप इट' का म्हणू नये?

आपल्याकडच्या मुलांची एक चूक ठरलेली आहे. 'पिक अप द बुक' हे बरोबर आणि 'पिक द बुक अप' हेही बरोबर. पण पुस्तकाऐवजी 'ते' म्हणायचे असेल तर ते मध्येच गेले पाहिजे. 'पिक इट अप' हेच बरोबर, 'पिक अप इट' चूक. तसेच 'पिक मी अप', 'पिक देम अप'. मी, यू, हिम, हर, इट, अस, देम हे शब्द नेहमी दोघांच्या मध्ये बसतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

दुसरी गोष्ट उच्चाराची. बोलताना हे शब्द सुटे राहत नाहीत. 'पिक इट अप' हे कानाला 'पिकिटप' असे लागते आणि भूतकाळातले 'पिक्ट अप' हे 'पिक्टप' होते. परदेशात 'ते फार भरभर बोलतात' अशी आज्यांची तक्रार असते. ते नेहमीच भरभर बोलत असतात असे नाही, शब्द एकमेकांना चिकटवतात. बोलताना जोर 'अप'वर येतो. 'पिकअप' हे नाम असले की मात्र जोर 'पिक'वर जातो.

जिथे दोन्ही भाषांचे जमते

आता अर्थ. पहिला साधा अर्थ उचलणे. जमिनीवरचे पेन, रडणारे मूल, खाली पडलेला रुमाल. याला लागूनच अमेरिकेतला एक वापर आहे. आई मुलाला 'पिक अप युअर रूम' म्हणते, तेव्हा खोलीतला पसारा आवर असे तिला म्हणायचे असते. आणि पडलेला माणूस 'पिक्स हिमसेल्फ अप' म्हणजे स्वतःला सावरून उभा राहतो. यात गुडघ्यावरची धूळ झटकणे येते, तसे धंद्यात बुडाल्यावर पुन्हा उभे राहणेही येते.

फोनच्या बाबतीत आपले आणि इंग्रजांचे अगदी एकमत आहे. 'पिक अप द फोन' म्हणजे फोन उचल. पूर्वी रिसीव्हर खरोखर उचलावा लागे. आता फोन हातातच असतो, काचेवर बोट सरकवायचे असते, तरी शब्द तोच राहिला. हिंदीत 'फोन उठाओ', गुजरातीत 'फोन उपाडो', कन्नडमध्ये 'एत्तु', सगळ्यांनी उचलण्याचेच क्रियापद घेतले. आपल्या इंदूरच्या घरांत मुले 'आई, फोन उठव ना' म्हणतात, ते हिंदीवरून आले आहे. पुण्याचा पाहुणा ते ऐकून हसतो, कारण त्याच्या मराठीत उठवतात ते झोपलेल्या माणसाला.

पोलिसांच्या बाबतीतही जमते. 'द पोलिस पिक्ट हिम अप' म्हणजे पोलिसांनी त्याला उचलले. छटासुद्धा तीच, रीतसर अटक झालीच असेल असे नाही.

खर्चाचेही जमते. 'शी पिक्ट अप द बिल' म्हणजे हॉटेलचे बिल तिने दिले. आपणही म्हणतो, लग्नाचा सगळा खर्च मामांनी उचलला. पण इथे एक खड्डा आहे. मराठीत नुसते 'बिल उचलले' म्हटले तर अर्थ उलटा होतो. 'कंत्राटदाराने काम अर्धवट टाकून बिल उचलले' अशी बातमी असते, तेव्हा त्याने पैसे दिलेले नसतात, घेतलेले असतात. इंग्रजीतले 'बिल पिक अप करणे' म्हणजे खिशातून पैसे जाणे आणि मराठीतले 'बिल उचलणे' म्हणजे खिशात पैसे येणे.

जिथे मराठी जास्त बारीक पाहते

'आय विल पिक यू अप ॲट सिक्स.' वर्गातल्या एका मुलाने याचे भाषांतर केले, "मी तुला सहा वाजता उचलेन." सगळा वर्ग हसला, कारण मराठीत हे एक तर बाळाला सांगतात किंवा गुंड धमकी देताना म्हणतो. अर्थ आहे, मी सहाला गाडी घेऊन तुला घ्यायला येईन.

पण यातही मराठीत निवड करावी लागते. मुलाला शाळेतून 'आणायला' जातात, पाहुण्याला स्टेशनवर 'घ्यायला' जातात, माहेरवाशिणीला 'न्यायला' सासरची माणसे येतात. बोलणारा कुठे उभा आहे आणि माणूस कोणाच्या घराकडे चालला आहे, हे आपल्या क्रियापदावरून कळते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'पिक अप' चालतो. त्याला दिशेशी देणेघेणे नाही. वाटेत थांबले, घेतले आणि निघाले, एवढेच त्याला सांगायचे असते. म्हणूनच 'पिक अप सम मिल्क ऑन द वे होम' म्हणजे येताना दूध घेऊन ये. इस्त्रीचे कपडे आणणे, दुकानात सांगून ठेवलेले औषध घेऊन येणे, कुरिअरच्या कचेरीतून पाकीट सोडवून आणणे, हे सगळे यातच.

इथेच मोठ्या मुलांना एक सूचना. 'आय पिक्ट हर अप फ्रॉम द स्टेशन' हे निर्मळ वाक्य आहे. स्थळ न सांगता नुसते 'आय पिक्ट हर अप' म्हटले, तर अनोळखी मुलीशी सलगी करून तिला सोबत नेले, असाही अर्थ निघतो. तेव्हा कुठून आणि कशासाठी, हे वाक्यात असू द्यावे.

आजाराचे उदाहरण मला सगळ्यांत बोलके वाटते. 'ही पिक्ट अप अ कोल्ड' म्हणजे त्याला सर्दी झाली. 'ही पिक्ट अप अ बॅड हॅबिट' म्हणजे त्याला वाईट सवय लागली. इंग्रजी वाक्यात माणूस कर्ता आहे, जणू त्याने रस्त्यावरची सर्दी स्वतः वाकून उचलली. मराठीत कर्तेपण सर्दीकडे आणि सवयीकडे जाते. सर्दी 'होते', सवय 'लागते', व्यसन 'जडते', आजाराची 'लागण' होते, माणूस बिचारा 'त्याला' एवढाच उरतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांचे इंग्रजी पोसले, त्या पिढीला ही अदलाबदल हातची झाली होती. शब्दाला शब्द न लावता वाक्याला वाक्य लावायचे, हा त्या अभ्यासाचा धडा होता आणि फ्रेझल व्हर्बसाठी तो आजही खरा आहे.

टिपण्याचा अर्थही असाच. रेडिओ दूरचे केंद्र 'पिक अप' करतो, पोलिसांचा कुत्रा वास 'पिक अप' करतो, चतुर माणूस समोरच्याच्या आवाजातली नाराजी 'पिक अप' करतो. यासाठी 'उचलणे' चालत नाही. मराठीत कुत्र्याला माग लागतो, माणूस नाराजी हेरतो. आणि 'टिपणे' हा तर फार नेमका शब्द आपल्याकडे आहे. पाखरू जसा दाणा टिपते, तसा कान शब्द टिपतो.

सुधारण्याचा अर्थ घ्या. 'बिझनेस इज पिकिंग अप' म्हणजे धंदा वर येतो आहे. आजारातून उठलेला माणूस 'पिकिंग अप' असतो, म्हणजे त्याची तब्येत सुधारते आहे. गाडी 'पिक्स अप स्पीड', म्हणजे वेग घेते. हवामानाच्या गप्पांत मात्र सावध राहावे. 'द वेदर इज पिकिंग अप' म्हणजे हवा सुधारते आहे, ऊन पडणार आहे. 'द विंड इज पिकिंग अप' म्हणजे वारा जोर धरतो आहे, खिडक्या लावून घ्या.

आणखी तीन वापर थोडक्यात. 'लेट अस पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ' म्हणजे बोलणे जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू करू या. 'पिक अप द पीसेस' म्हणजे झालेल्या पडझडीनंतर आवराआवर करणे, मोडलेला संसार पुन्हा मांडणे. आणि 'शी पिक्ट मी अप ऑन दॅट' म्हणजे माझ्या बोलण्यातली चूक तिने लगेच पकडून दाखवली.

'उचलणे' जिथे एकटेच जाते

उलट बाजूही पाहायला हवी. प्रत्येक 'उचलणे' म्हणजे 'पिक अप' नव्हे. एखाद्या कामाचा विडा उचलला, बायकोवर हात उचलला, पावले भराभर उचलली, अधिकाऱ्याची उचलबांगडी झाली, मागणी उचलून धरली, यांपैकी एकाही ठिकाणी 'पिक अप' बसत नाही. हात उचलणे म्हणजे मारणे, उचलून धरणे म्हणजे पाठिंबा देणे, प्रत्येकाला इंग्रजीत वेगळे क्रियापद शोधावे लागते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही म्हण तर इंग्रजीत नेताच येत नाही.

'उचल' हे नाम घ्या. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी मुकादमाकडून मजूर जी आगाऊ रक्कम घेतो, ती उचल. एका शब्दात कर्ज, मजुरी आणि बांधिलकी तिन्ही आहेत. 'उचल्या' म्हणजे भुरटा चोर. लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचे नाव 'उचल्या' आहे आणि त्याला १९८८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याचा इंग्रजी अनुवाद झाला तेव्हा नाव 'द ब्रँडेड' झाले, म्हणजे शिक्का बसलेला. जन्माने गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातीची ती कहाणी आहे. त्यामुळे उचलण्याच्या कृतीपेक्षा माथ्यावरचा शिक्का त्या नावात पुढे आला.

मराठीने घेतलेला 'पिकअप'

मराठीने इंग्रजीतला हा शब्द नाम म्हणून ठेवून घेतला आहे आणि त्याला स्वतःचे अर्थही दिले आहेत. भाजी मंडईत माल आणणारी उघड्या हौद्याची छोटी गाडी म्हणजे पिकअप. स्कूटर जुनी झाली की 'पिकअप घेत नाही'. महाराष्ट्रात गावाच्या फाट्यावर एसटीची वाट पाहायला बांधलेली शेड म्हणजे पिकअप शेड. सहलीच्या पत्रकात पिकअप पॉइंट असतो. नवे दुकान काढलेल्या माणसाला आपण धीर देतो, "हळूहळू पिकअप घेईल." इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मुलांच्या तोंडी आणखी एक पिकअप असतो. तारांची थरथर टिपून तिचा विद्युतप्रवाह करणारे ते चुंबकाचे उपकरण. म्हणजे तिथे शब्द पुन्हा टिपण्याच्या अर्थाकडे गेला.

शिकणे आणि उचलणे

आता राहिला तो अर्थ, जो त्या आईने वापरला. 'पिक अप अ लँग्वेज' म्हणजे कोणी न शिकवता, पुस्तक न उघडता, कानावर पडून भाषा येणे. इंग्रजीत 'लर्न' वेगळे आणि 'पिक अप' वेगळे. फ्रेंच कॉलेजात शिकले तर 'लर्न', पॅरिसमध्ये सहा महिने भाजी घेता घेता आली तर 'पिक अप'. मराठीतही हा भेद आहे. गाणे शिकतात, पण एखाद्याची लकब उचलतात. पोराने मामाची बोलण्याची ढब बरोबर उचलली, असे आपण म्हणतो.

याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारच्या देवासला होऊन गेले. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घरची भाषा कन्नड. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून ते गाणे जसेच्या तसे गात. हे उचलणे. पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांनी रीतसर तालीम घेतली. हे शिकणे. क्षयाच्या आजारामुळे १९४८ साली ते हवापालटासाठी देवासला आले. गाणे बंद, पडून राहणे भाग. त्या काळात माळव्यातल्या बायकांची, वाटेने जाणाऱ्या गायकांची लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली आणि त्यांनी ती टिपली. पुढे त्यांच्या गाण्यात माळव्याच्या लोकधुना आल्या त्या तिथून. उचलण्याला केवढी ताकद असते ते यावरून कळते. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ती गीते देवासच्या हवेत होती. बायका गात होत्या, म्हणून ती ऐकू आली.

प्राजक्ताचेही तसेच. सडा पडलेला असला तर मूल फूल उचलेल. झाडाखालची जमीन कोरडी असेल तर त्याने काय उचलायचे?

आपल्या शहरातली मराठी आजवर अशीच एका पिढीकडून दुसरीकडे गेली. होळकर संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले, १९५६ साली आपण मध्य प्रदेशात आलो. दरबार गेला, कचेरीतली मराठी गेली. तरी पुढच्या पिढ्यांना मराठी आली, कारण घरात आजी होती, ती मुलांशी मराठीत बोलायची आणि तिला उत्तर मराठीतच द्यावे लागे. हिंदी आम्ही गल्लीतून उचलली आणि मराठी माजघरातून. शिकवले आम्हाला दोन्हींपैकी काहीच नव्हते.

आज घरात काय होते ते पाहा. आई-वडील एकमेकांशी मराठीत बोलतात आणि मुलाकडे वळले की हिंदीत किंवा इंग्रजीत सुरू होतात. शाळेत मागे पडू नये म्हणून असेल, सवयीने असेल. मुलाच्या कानावर मराठी पडते, पण ती त्याच्यासाठी नसते. मोठ्यांची आपसातली भाषा म्हणून तो ती टिपतो, म्हणून त्याला समजते. त्या भाषेत कोणी त्याला काही विचारत नाही, कोणी त्याच्यावर रागावत नाही, त्याला लाडाने हाक मारत नाही. मग बोलायची वेळच येत नाही. 'समजते सगळे, बोलता येत नाही' हे वाक्य आपल्या समाजात आता घरोघरी ऐकू येते. त्याचे कारण मुलांच्या बुद्धीत नाही. ज्या मुलाने गल्लीतून हिंदी आणि शाळेतून इंग्रजी उचलली, त्याला तिसरी भाषा जड होती असे कोण म्हणेल?

तेव्हा त्या आईचे वाक्य व्याकरणाने बरोबर होते. मूल भाषा पिक अप करते, हे खरे. 'आपोआप' हा शब्द मात्र चुकला. उचलणाऱ्याला कष्ट नसतात. त्याच्या आसपास ती सांडून ठेवणाऱ्याला असतात.

हे मी तिला पुढच्या भेटीत सांगितले. ती रागावली नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "काकू, माझ्या तोंडातच हिंदी येते त्याच्याशी बोलताना. काय करू?" मी तिला मोठे काही सुचवले नाही. मराठीच्या वर्गाला पाठवलेस तर चांगलेच, पण वर्गात शिकणे होईल, उचलणे घरीच होईल. दिवसातले एक जेवण ठरवा, त्या वेळी त्याच्याशीच मराठीत बोला. तो हिंदीत बोलला तरी उत्तर मराठीत द्या आणि चुका काढू नका. मुलाला चारचौघांत 'पिक अप ऑन' केले की ते बोलणेच बंद करते.

आणि एक. त्याची आजी उज्जैनला असते, तिचा रोज रात्री फोन येतो. तो फोन आईने उचलायचा नाही, त्याने उचलायचा. त्याने "आजी, मी फोन उठवला" म्हटले तरी चालेल. पुण्याचा पाहुणा हसला तर हसू दे.